वासाचं रजिस्टर

आमच्या घराचा जिना बाहेरून होता. घर बांधताना आत जिन्याला जागा उरली नाही म्हणून पप्पांनी तो अंगणातून चढवला, आणि त्यावरून आई पुढं पंधरा वर्षं त्यांना बोलत राहिली, की पावसात गच्चीवरचे वाळलेले कपडे आणायला जायचं तर आधी माणूस भिजतो. त्या उन्हाळ्यात मात्र तोच जिना उपयोगी पडला. नऊ दिवस दवाखान्यात काढून पप्पा घरी आले ते खालच्या खोल्यांत पाऊल न टाकता थेट वर गेले, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, तिला लागून न्हाणी-संडास होता, आणि दार लोटून घेतलं. ते साथीचं दुसरं वर्ष. सगळं शहर तोंडाला फडकं बांधून घरात बसलेलं. मी बारावीला होते आणि परीक्षा होणार की नाही याची रोज वेगळी बातमी यायची. आईनं पप्पांसाठी तांदळाची खीर केली होती. ती तिनं जिन्याच्या सातव्या पायरीवर ठेवली, खाली येऊन उभी राहिली, आणि पप्पांनी दार उघडून पातेलं आत नेलं तेव्हा मला त्यांचे हात दिसले. मनगटं एवढी बारीक झाली होती की घड्याळ कोपराकडं घसरत होतं.

पप्पा शेंद्र्याच्या एका कारखान्यात तपासनीस होते. गाड्यांचे सुटे भाग तयार होऊन त्यांच्या टेबलावर यायचे आणि पप्पा एकेक भाग हातात घेऊन त्याला माप लावायचे. त्या मापाला ते गेज म्हणत. गेज आत गेलं तर पीस पास, नाही गेलं तर लाल क्रेटमध्ये. हे त्यांनी वीस-बावीस वर्षं केलं होतं आणि ते त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. भाजीवाल्याकडच्या भेंड्या ते तशाच निवडत. माझ्या वहीचं कव्हर एका बाजूला सुताभर जास्त निघालं तर पुन्हा घालायला लावत. आई म्हणायची, "मला बघायला आले तवाबी असंच बघत व्हते, जशी काय मी मशिनीतून निघाले." त्यावर पप्पा शांतपणे म्हणत, "पास केली ना मग?"

आम्ही दोघी सुटलो होतो. मला काहीच झालं नाही, आईला दोन दिवस ताप आला आणि गेला. पण तो दोन दिवसांचा ताप पप्पांनी मनावर घेतला. कारखान्यातून आपण हे घरी आणलं, एवढंच ते धरून बसले. वर त्यांना जेवण पोचवायचं म्हणून त्यांनी स्वतःच एक यंत्रणा केली. गच्चीच्या कठड्याला सायकलची जुनी रिम बसवली, तिच्यावरून दोरी सोडली, दोरीला वेताची टोपली आणि टोपलीला माझ्या लहानपणीच्या पैंजणाचे घुंगरू. टोपली खाली आली की घुंगरू वाजायचे आणि आई हातातलं काम टाकून धावायची. वर जाताना टोपलीत भाकरी, पालकाची पातळ भाजी, ताक, धुतलेले कपडे, पेपर. खाली येताना रिकामी भांडी आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर नेहमी एकच वाक्य, "पोटात गेले." चांगलं झालं, मीठ कमी पडलं, असं काही नाही, कारण त्यांना चवही नव्हती आणि वासही नव्हता.

आमच्या शहरात नळ रोज येत नाही, हे बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा सांगावं लागतं. त्या काळात आमच्या गल्लीत सहाव्या दिवशी नळ यायचा, तोही लाइनमनच्या मर्जीनं, कधी सकाळी नऊला तर कधी टळटळीत दुपारी. सगळं जग वारंवार हात धुवा म्हणून सांगत होतं आणि आम्ही पिंपात काठी बुडवून पाणी मोजत होतो. पप्पांची भांडी वेगळी धुवायची, कपडे वेगळे उकळायचे, त्यामुळे पाणी पाचव्या दिवशीच तळाला जायचं. वरच्या खोलीत उन्हानं पत्रा असा तापायचा की दुपारी हात लावला तर चटका बसे. कूलर होता, पण तो दिवसाला दोन बादल्या पाणी पितो म्हणून पप्पांनी लावूच दिला नाही. खिडकीला ओली चादर टांगायचे आणि तिच्यामागं बसायचे.

आमची डॉक्टरीण फोनवर भेटायची. आवाजावरून अगदी तरुण वाटायची, दिवसभर बोलून घसा बसलेला, पण कधी घाई केली नाही. तिनं पप्पांना तीन गोष्टी सांगितल्या. श्वास ओढला की प्लास्टिकच्या तीन निळ्या गोळ्या वर उचलल्या जातात त्या यंत्रातून श्वास ओढायचा, गच्चीवर चालायचं, आणि वास परत यावा म्हणून चार ठरलेल्या वस्तू दोन वेळा हुंगायच्या, लिंबू, लवंग, निलगिरी आणि गुलाब. मला वेगळं म्हणाली, "त्यांच्याशी बोलत राहा. आजारपणाचं नको, इकडचं तिकडचं." मी औषधाच्या रिकाम्या डब्या धुतल्या, आत कापूस घातला, एकेकीत एकेक वास भरला आणि झाकणावर आकडे टाकले. कुठली डबी कशाची हे पप्पांना सांगायचं नाही, असं मीच ठरवलं. त्यांना ते फार आवडलं. तपासणी अशीच करायची असते, म्हणाले. कारखान्यातून आणलेलं एक कोरं रजिस्टर त्यांच्याकडं होतं, त्यात त्यांनी पट्टीनं रकाने आखले. तारीख, वेळ, डबी क्रमांक, निकाल, शेरा. रजिस्टर वर राहायचं आणि संध्याकाळी निकालाची चिठ्ठी टोपलीतून खाली यायची. १ नाही. २ नाही. ३ नाही. ४ नाही.

शेजारच्या गच्चीवर जुबैदा खाला असायच्या. त्यांचं माहेर खुलताबादचं, आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. शिवणकाम करायच्या आणि त्या वर्षी गल्लीतल्या सगळ्यांच्या तोंडावरचे मास्क त्यांच्याच मशीनवर शिवलेले होते. आईचा ब्लाउज आणि तिचा मास्क एकाच कापडाचा असायचा, हा खालांचा शौक. त्यांना साखरेचा आजार होता, चालायला सांगितलं होतं आणि बाहेर पडायची चोरी. पप्पा पहिल्या दिवशी चालायला निघाले, खोलीच्या दारापासून कठड्यापर्यंत, आणि सहाव्या फेरीला दम लागून खाली बसले. खाला त्यांच्या गच्चीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "मैं बी चलती, तुम बी चलो भाई. मेरी शक्कर उतरेगी, तुमारा दम बढेगा." तेव्हापासून रोज सकाळी दोन गच्च्यांवर दोन माणसं, मधे छातीएवढी भिंत, जाताना बरोबर आणि येताना बरोबर. पप्पा मुळातच कमी बोलणारे. पहिले आठ दिवस खालाच बोलल्या, मग एकदा फेऱ्यांच्या मोजणीवरून भांडण झालं. खाला म्हणाल्या तीस झाल्या, पप्पा म्हणाले अठ्ठावीस. जिन्यात बसून मी ऐकत होते आणि मला एवढा आनंद झाला की मी आईला हाक मारून ते भांडण ऐकायला बोलावलं. पप्पा कुणाशी तरी भांडत होते. मोजणी अर्थात त्यांचीच बरोबर असणार.

आता माझं वय पप्पांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढं गेलंय. डॉक्टर मलाही चालायला सांगतात आणि मी टाळते. पण चालायला लागले की अजून फेऱ्या मोजते, आणि अठ्ठाविसाव्या फेरीला मला हटकून हसू येतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले वेगळं राहायचे दिवस संपले. लॅबचा माणूस वर जाऊन रक्त घेऊन आला, बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन मोजला, सगळं ठीक. निळ्या गोळ्यांपैकी दोन वर उचलल्या जात होत्या, तिसरीही हलायची. बाई म्हणाल्या, "आता ते खाली येऊ शकतात, त्यांच्यापासून कुणाला काही धोका नाही. वासाला वेळ लागतो काहींना." त्या दिवशी आईनं वांग्याचं भरीत केलं, जमिनीवर तीन ताटं मांडली आणि जिन्याखाली जाऊन उभी राहिली.

"अवो, या की आता. बाई बी म्हणल्या बरं झालंय म्हणून."

वरून आवाज आला, "वास कुठं आलाय अजून."

"वास नाय आला तर काय बिघडलं? भाकर जाती ना पोटात?"

"गेज गेल्याबिगर पीस पास करत नसतेत."

आईला आधी ते थट्टेतलं वाटलं. मलाही. पण पप्पा खाली आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, आठवड्यानं नाहीत. वास परत आला नाही म्हणजे ते आत कुठंतरी अजून आहे, आणि आपण खाली गेलो की पुन्हा बायकोला ताप येईल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. कारखाना सुरू झाला होता, साहेबांचे दोन फोन येऊन गेले. पप्पा त्यांनाही म्हणाले, "साहेब, मी अजून लाल क्रेटमध्ये आहे." साहेब हसले असतील. आम्हाला हसू येत नव्हतं. तिसरं ताट आई रोज मांडायची आणि रोज त्यातलंच टोपलीत भरायची. मला आता वाटतं, आमची ती टोपली फारच चांगली चालत होती. माणसाला खाली यायची गरजच पडू नये इतकी आम्ही त्यांची सोय केली होती. पण प्रेम करायची दुसरी रीत आईला माहीत नव्हती आणि मला तेवढीही नव्हती.

एका संध्याकाळी चिठ्ठीवर लिहून आलं, "४ थोडा आला." आईनं ती चिठ्ठी डोळ्यांना लावली. चार नंबर म्हणजे गुलाब. लगेच शिरा झाला, तूप सोडून, गल्लीभर वास गेला असेल. दुसऱ्या दिवशी लवंग थोडी आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा गुलाब. पण पप्पा काही खाली येईनात, थोडा म्हणजे पास नव्हे म्हणून. माझा स्वभाव तेव्हा आजच्यापेक्षा जास्त खोचक होता आणि पप्पांची मुलगी असल्यानं तपासल्याशिवाय मलाही चैन पडत नसे. चौथ्या दिवशी वास ताजा करायला म्हणून मी तीन नंबरची डबी खाली मागवली, गरम पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली आणि नवा कोरा कापूस घालून टोपलीत ठेवली. तिच्यात काहीच नव्हतं. मी जिन्यात उभी राहून वाट पाहत होते. घुंगरू वाजले. चिठ्ठीवर होतं, "३ थोडा आला."

मला राग आला. एवढा राग मला त्यांचा कधी आला नव्हता. आणि रागाच्या मागोमाग भीती आली, ती मात्र रागासारखी लवकर गेली नाही. आयुष्यात कधी सुताभर खोटं न बोललेला माणूस आमच्यासाठी खोटं लिहितोय, मग तो आणखी काय काय सांगत नसेल? दुपारभर ओल्या चादरीमागं बसून काय विचार करत असेल? मी चिठ्ठी फिजिक्सच्या पुस्तकात घातली आणि आईला काही सांगितलं नाही. खालांना सांगितलं. त्या अंगणाच्या मधल्या भिंतीवर कोपरं टेकून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "झूट बोल रा ना? मतलब तुमारी फिकर है उसकू. जिसकू फिकर है वो आदमी नीचे आता, बेटा. देर लगती." मला तेव्हा ते समजूत काढायचं बोलणं वाटलं. जाताना त्यांनी माझ्या हातावर अत्तराचा एक थेंब लावला आणि त्या वासानं मला रडू आलं, कारण तो मला येत होता.

आईचं दुःख आईच्या पद्धतीनं बाहेर पडत होतं. तिला झोप लागत नव्हती. दिवसा ती फळीवरचे डबे काढून पुसायची, पुन्हा लावायची. एक दिवस म्हणाली, "कुरडया करायच्या." कुरडया म्हणजे गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून, चीक काढून, तो शिजवून सोऱ्यानं गच्चीवर पाडायच्या. आमच्याकडं चीक हाटायचं काम पप्पांचं, कारण तो आटत आला की लाकडी दांड्याला दोन्ही हातांनी ओढ द्यावी लागते आणि आईचे खांदे भरून येत. शिवाय गच्चीवर पप्पा. "यंदा कशाला?" मी म्हणाले. आई म्हणाली, "दरसालचं काम दरसाल झालं म्हंजी माणसाला कळतं, साल चालूच हाय. मामानं देवगावहून गहू धाडलाय, त्याला किडं लागू देऊ का?" खालांची गच्ची मागून झाली. कुरडया पडेपर्यंत पप्पांना कळू द्यायचं नाही हेही ठरलं. खाण्याच्या वस्तूत आपला आजार जाईल म्हणून त्यांनी ते होऊ दिलं नसतं.

गहू भिजला. जिन्याखालच्या कोनाड्यात मोठं घमेलं, वर ताट, ताटावर पाटा. आईनं हिशोब बरोबर केला होता, तिसऱ्या दिवशी नळ येणार, भरपूर पाण्यानं गहू धुवायचा आणि वाटायला घ्यायचा. पहिल्या दिवशी पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी निम्मं बदललं. तिसऱ्या दिवशी नळ आला नाही. कुठंतरी मोठा पाइप फुटला होता. चौथ्या दिवशी पिंपाच्या तळाशी होतं ते पाणी पप्पांच्या भांड्यांना लागलं. पिण्याचे जार विकतचे, ते गव्हावर कोण ओतणार? पाचव्या दिवशी कोनाड्याजवळून जाताना मी श्वास रोखून धरायला लागले. ज्यांनी कुरडया केल्या आहेत त्यांना भिजल्या गव्हाचा आंबूस वास माहीत असतो, तिसऱ्या दिवशीचा, तो वाईट नसतो. हा तो नव्हता. सहाव्या दिवशी सकाळी आई ताट न उचलताच म्हणाली, "टाकून दिऊ. माझंच चुकलं. नळाच्या भरवशावर गहू भिजू घालणारी मी येडी." आणि मोरीच्या कडेला बसून राहिली. दोन पायली गहू होता. पण ती गव्हासाठी बसली नव्हती हे मलाही कळत होतं.

तेवढ्यात गल्लीत कुणीतरी ओरडलं, "नळ आला."

नळ आल्यावर आमच्या गल्लीत कुणी दुःख करत बसत नाही. मोटारींची घरघर, पाइप ओढल्याचे आवाज, बादल्या. आई उठली, पदर खोचला, अंगणातल्या टाकीचा पाइप मी जोडला आणि मोटार लावली. आणि आईच्या मनात काय आलं कोण जाणे, म्हणाली, "धुवून तर बघू." आम्ही दोघींनी घमेलं अंगणात ओढलं आणि तिनं ताट काढलं. मी मागं सरकले. आईनं तोंड फिरवलं. भिंतीपलीकडून खालांचा आवाज आला, "या अल्ला, ये क्या मरा?"

आणि वरून पप्पांचा.

"विशे! मोटार बंद कर. टाकीत उंदीर मेलाय."

मी पाइप धरून तशीच उभी. आई हातात ताट धरून तशीच उभी. आम्ही त्यांना काही पाठवलं नव्हतं. काही सांगितलंही नव्हतं. वर खोलीचं दार आपटलं आणि पप्पा जिन्यावरून उतरायला लागले, अनवाणी, मास्क हनुवटीवर आलेला, एका हातानं लुंगी धरलेली. "कवाधरनं सांगतोय, टाकीचं झाकण नीट लावत जा. आठवड्याचं पाणी नासलं सगळं. बंद कर म्हणतो ना." सहावी पायरी, तिसरी पायरी, अंगण. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत त्यांनी जी सातवी पायरी ओलांडली नव्हती ती त्यांनी उंदराच्या रागात ओलांडली आणि त्यांना पत्ताही नव्हता. टाकीकडं निघाले आणि घमेल्यापाशी थांबले. वाकले. नाक पुढं केलं, आणि झटक्यानं मागं घेतलं.

"हे काय हाय?"

"गहू," आई म्हणाली.

"किती दिसाचा?"

"सहा."

"सहा दिस? अगं, हा काय माल हाय का? हे तर सरळ लाल क्रेटमधी..." आणि तिथं ते थांबले.

पुन्हा वाकले. या वेळी सावकाश. डोळे मिटून लांब श्वास ओढला, निळ्या गोळ्यांच्या यंत्रातून ओढत तसा. त्या घाणीवर असा श्वास कुणी ओढलेला मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. आई हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज बदलला आणि तिनं ताट तोंडापुढं धरलं. मी मोटार बंद करायची विसरले, टाकी भरून पाणी अंगणात आलं, गल्लीत गेलं, आणि शेजारच्या कुणी एक शब्द काढला नाही. एरवी आमच्याकडं पाणी वाया घालवणाऱ्याला जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. खाला भिंतीवरून बघत होत्या. त्यांनी फक्त मला खूण केली, बघ म्हणून.

पप्पा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. पाय पाण्यात. मास्क काढून गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "विशे, रजिस्टर आण."

मी वर गेले. चाळीस दिवसांत पहिल्यांदा त्या खोलीत शिरले. अंथरुणाची घडी, खिडकीला वाळून ताठ झालेली चादर, टेबलावर ओळीनं डब्या, आणि रजिस्टर. ते उघडायचं माझ्या मनात नव्हतं असं लिहिलं तर खोटं होईल. उघडलं. सगळ्या पानांवर ते छापल्यासारखं अक्षर. नाही, नाही, नाही. शिऱ्याचा दिवस शोधला. "डबी ४. नाही. खाली 'थोडा' कळवले. शेरा: शिऱ्याचा वास नाही. पण बऱ्याच दिवसांनी भांड्यांचा आवाज चांगला आला." त्याच्याखाली दोन दिवस तसेच. आणि मग माझी रिकामी डबी. "डबी ३. नाही. खाली 'थोडा' कळवले. शेरा: पोरगी जिन्यात गप्प उभी होती. तिला खोटे कळले असावे. रजिस्टर खरे ठेवले आहे."

मी खाली आले तेव्हा पप्पांनी माझ्याकडं बघितलं. "एवढा येळ?"

"पेन सापडत नव्हता," मी म्हणाले. पेन रजिस्टरलाच दोरीनं बांधलेला होता, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. रजिस्टर मांडीवर घेऊन त्यांनी त्या दिवसाची ओळ लिहिली, आणि मी बघायला वाकले तर शेऱ्याच्या रकान्यावर हात ठेवला.

गहू टाकला नाही. पप्पांनीच टाकू दिला नाही. सात पाण्यांनी धुतला, पाणी त्या दिवशी हवं तेवढं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांनी चीक हाटला. मधे दोनदा दम लागला, दोनदा खाली बसले, पण दांडा आईच्या हाती दिला नाही. गरम चीक वाटीत घेऊन, वर दूध आणि गूळ घालून आम्ही तिघं अंगणात बसून खाल्ला, आणि एक वाटी भिंतीवरून खालांकडं गेली, गूळ न घालता. कुरडया लालसर पडल्या आणि तळल्यावर आंबट लागायच्या. पुढं वर्षभर आई तळायला घेताना म्हणायची, "आंबट हायेत, टाकून देते." पप्पा आधी नाकाशी धरायचे, मग तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "राहू दे. पास." वीस-बावीस वर्षांत त्यांनी चुकीचा माल पास केला तो तेवढाच. महिनाभरानं ते कारखान्यात जायला लागले, पण सकाळचं चालणं गच्चीवरच राहिलं. खालांनी तसं बजावलंच होतं.

पप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गेल्यानंतर पत्र्याची खोली आवरताना रजिस्टर मला मिळालं. निम्मं कोरं आहे. मी शेवटची लिहिलेली ओळ काढली आणि त्यांनी हात ठेवला होता तो रकाना वाचला.

"वेळ सकाळी सव्वादहा. डबी: नाही. वस्तू: गहू, सहा दिवसांचा. कुणी न पाठवता आला. ओके. शेरा: घाण वास. लई बरं वाटलं."